टीव्हीवर सुरी दिसली की आपल्या भट्टीचं काय होतं?

मये_तळ्याकाठी

मंडळी, मागच्या आठवड्यात मुंबईच्या एका निर्मिती संस्थेतून फोन आला. गोव्यातल्या हौशी सुरीकारांवर अर्ध्या तासाचा भाग करायचाय म्हणे. आता आपला गट तो केवढा! डिचोली, फोंडा, म्हापसा धरून मूठभर डोकी. त्यातल्या निम्म्यांकडे स्वतःची भट्टीसुद्धा नाही, पट्ट्याच्या ग्राइंडरवर पातं घासून घडवतात. मीही त्यातलाच. तर फोनवरच्या मुलीचा पहिला प्रश्न, "तलवार करता का?" आणि दुसरा, "ठिणग्या किती उडतात?"

मी "सांगतो" म्हणून वेळ मारून नेली. पण तेव्हापासून डोक्यात चक्र चालू आहे, म्हणून हा धागा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. 'फोर्ज्ड इन फायर' हा कार्यक्रम जून २०१५ मध्ये अमेरिकेत हिस्टरी चॅनलवर सुरू झाला. चार लोहार, पहिल्या फेरीत साधारण तीन तासांत पातं, पुढच्या फेरीत मूठ, मग उरलेले दोघे आपापल्या घरच्या भट्टीवर एखादं ऐतिहासिक शस्त्र करून आणतात. जिंकणाऱ्याला १०,००० डॉलर. आपल्याकडे तो हिस्टरी टीव्ही१८ वर आला, मग त्याचे तुकडे मोबाइलवर फिरायला लागले. आज कुणाला सांगा 'मी सुऱ्या करतो', पुढचं वाक्य ठरलेलं: "म्हणजे त्या कार्यक्रमातल्यासारखं?"

माझं मत सरळ सांगतो. त्या कार्यक्रमाने माणसं आणली, पण सगळी आगीपाशी येऊन थांबली. तापलेलं पातं तेलात बुडवताना धूर उठतो, तो क्षण सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतर तेच पातं ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा ठेवायचं असतं, नाहीतर काचेसारखं फुटतं, हे विचारायला कुणी येत नाही. टेंपरिंगवर कॅमेरा थांबत नाही ना! बंद ओव्हनकडे बघत कोण बसणार?

माझ्याकडे येणारा प्रत्येक नवा मुलगा पहिल्या दिवशी डमास्कस (थरांची नक्षी दिसणारं पोलाद) मागतो. साध्या कमानपाट्याची (ट्रकच्या कमानीच्या पोलादाची) एक सरळ सुरी करून दाखव म्हटलं की पुन्हा फिरकत नाही.

तर प्रश्न असा. हा भाग करू द्यावा का? आणि दिला तर आपल्या धंद्याला (छंदाला म्हणा हवं तर) फायदा की नुकसान?

रापणकार

करा की भाऊ. फुकटची जाहिरात आहे. तलवार नसेल तर माझ्याकडची शिमग्यातली लाकडी देतो, चांदीचा रंग मारलेली. टीव्हीवर कोणाला कळणार?

कुजनेर_कांपाल

मी हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करतो, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहितो.

गेल्या काही वर्षांत हौशी कारागिरांच्या बऱ्याच सुऱ्या हातात आल्या. दिसायला झकास. आणि दहातल्या आठ सुऱ्यांची पाठ पाच मिलिमीटर जाड! का? कारण सगळ्यांनी टीव्हीवर सुरीने हाडं तोडताना आणि बर्फाच्या लाद्या फोडताना पाहिलंय. बाबांनो, मासळी मार्केटात बर्फ फोडायला सुरी कोण घेतो? मला इसवणाची (सुरमईची) पोस्तां, म्हणजे तुकड्या हव्यात, एकसारखी, कडा न चुरगळता. त्याला पाठीशी दोन-अडीच मिलिमीटर आणि धारेकडे येता येता कागदासारखं पातळ होत जाणारं पातं लागतं. जाड सुरीने गाजर कापलं जात नाही, फुटतं. आवाजसुद्धा येतो, टक् करून.

परीक्षक पातं वाकवून, आपटून बघतात ते त्यांच्या जागी ठीक आहे. ती शस्त्रांची स्पर्धा आहे. पण लोक तीच कसोटी स्वयंपाकघरात घेऊन आले, हा माझ्या मते टीव्हीचा सगळ्यात मोठा परिणाम.

अजून एक. मोठ्या हॉटेलांत लाकडी मूठ चालत नाही, ऑडिटवाले नाक मुरडतात. आणि साधं कार्बन पोलाद पावसाळ्यात सकाळी पुसून ठेवलं तर संध्याकाळी तांबूस. सोलं (आमसुलं) कापली की काळं. ही माहिती द्यायला अर्ध्या तासात जागा असेल का?

मये_तळ्याकाठी

@कुजनेर_कांपाल, जाडीचा मुद्दा शंभर टक्के. पातळ पात्याला पाणी देताना (कडक करायला तापवून बुडवताना) ते वाकडं होतं, म्हणूनही नवशिके जाड ठेवतात. शो नसता तरी ठेवले असते. पण 'मजबूत' म्हणून कौतुकाने ठेवणं, हे तिकडून आलं.

खडपाबांध

इथे सगळे टीव्हीला झोडपताहेत म्हणून लिहिते.

मी लॉकडाउनमध्ये तो कार्यक्रम बघूनच सुरुवात केली. त्याआधी सुरी 'घडवता' येते हेच माझ्या डोक्यात नव्हतं, ती दुकानातून आणायची वस्तू. आणि खरं सांगायचं तर आमच्या भागातल्या लोहारसाळेत मी गेले असते आणि म्हटलं असतं की मला शिकवा, तर चहा देऊन परत पाठवलं असतं. प्रेमाने, पण पाठवलंच असतं. पडद्याने मला जात, वडिलांचा धंदा, बाई की पुरुष, काही विचारलं नाही.

आज मी फक्त स्वयंपाकघरातल्या सुऱ्या करते. ईएन-३१ बेअरिंगचं पोलाद, फणसाच्या लाकडाची मूठ. एका सुरीचे सहा हजार घेते आणि महिन्याला जेमतेम तीन-चार होतात. डमास्कस एकदाही केलं नाही. म्हणजे टीव्हीमुळे आलेला प्रत्येक जण तलवारीच मागतो असं नाही हो, मयेकर.

कार्यक्रमाचा एक दोष मात्र मीही सांगेन: धूळ. ग्राइंडरची धूळ फुप्फुसात बसते, साधा कापडी मास्क तिला अडवत नाही. एका ओळखीच्या मुलाने भट्टीसाठी जस्ताचा मुलामा असलेला पाइप तापवला. रात्रभर थंडी-ताप आणि उलट्या. जस्ताचा धूर होता तो. असली माहिती दर भागात पट्टी चालवून द्यायला हवी.

आल्तिनो_वकील

तलवारीचा विषय निघालाच आहे, तर कायद्याचं थोडक्यात.

शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्राच्या व्याख्येत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. म्हणून कोयता, आडोळी (विळी), मासे कापायचा सुरा यांना कुणी हात लावत नाही. तलवार आणि खंजीर मात्र नावानिशी यादीत आहेत. ती बाळगायला परवाना कुठे लागतो हे त्या भागासाठी अधिसूचना आहे की नाही त्यावर ठरतं. तेव्हा "अमेरिकेत करतात, मग आपणही" असं म्हणून तलवार घडवून फोटो टाकू नका.

मयेकर, त्या मुलीला लेखी कळवा की तलवार करणार नाही. चित्रीकरण झाल्यावर मुंबईची मंडळी परत जाईल, पोलीस ठाण्यात तुम्ही जाल.

रापणकार

माझी लाकडी तलवार मागे घेतली.

टोरांटोतला_फोंडेकर

इकडचं सांगतो. मी ऑन्टारिओत एका छोट्या वर्गाला जातो. शिकवणारे गृहस्थ जुने आहेत, ते 'कार्यक्रमाच्या आधी' आणि 'कार्यक्रमाच्या नंतर' अशीच कालगणना करतात. आधी वर्ग भरवायला माणसं शोधावी लागत, आता प्रतीक्षायादी. जुन्या ऐरणी भंगारात मिळायच्या, आता त्यांचा भाव वजनावर करतात आणि ऐकून घाम फुटतो.

पण एक गोष्ट टीव्हीला हलवता आली नाही. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी १९७६ पासून आहे. त्यांची जर्नीमन (मास्टरच्या आधीची पायरी) परीक्षा द्यायची तर आधी तीन वर्षं सभासद असावं लागतं, त्यांचा कोर्स केला तर दोन. मग परीक्षा: लोंबकळता एक इंची दोर एका घावात तोडायचा, दोन बाय चार इंची लाकडाचे दोनदा तुकडे करायचे, त्यानंतर त्याच धारेने हातावरचे केस उतरवून दाखवायचे आणि शेवटी पातं शिकंज्यात धरून ९० अंश वाकवायचं. तुटता कामा नये. एवढं केल्यावर सुरी संपली. त्यानंतर पाच नीट पूर्ण केलेल्या सुऱ्या परीक्षकांपुढे मांडायच्या, त्यात फिनिशिंग बघतात.

माझे मास्तर म्हणतात, टीव्हीने दारात गर्दी केली, आतल्या खोलीत तेवढीच माणसं आहेत. आपल्याकडे मुळात अशी आतली खोलीच नाही. कोणाची सुरी चांगली, हे ठरवायला इन्स्टाग्रामच्या लाइक्सशिवाय काय आहे?

वाळपईकर

बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो.

आमची लोहारसाळ आहे, सत्तरीत. आजोबा, बाबा, आता अर्धवट मी (नोकरी करून). आतली खोली नाही असं फोंडेकर म्हणतात. आहे हो, तुम्ही तिथे येत नाही एवढंच.

बाबांच्या कोयत्याची परीक्षा पाडेली (नारळ पाडणारा) घेतो, माडावर चढून. धार गेली तर तो खाली उतरून सरळ आमच्या अंगणात येतो आणि चार माणसांसमोर बोलतो. रेंदेराच्या (माडी काढणाऱ्याच्या) कातीला वेगळी धार, झाडाची पोय (फुलोरा) नाजूक असते, धार जरा जाड झाली तर सूर (माडी) नीट येत नाही. कुळागरातल्या (पोफळीच्या बागेतल्या) कोयत्याचा बाक वेगळा. बाबा गिऱ्हाइकाचा हात बघून मूठ करतात. ह्याला तुम्ही लोक 'कस्टम' म्हणता आणि सहा हजार घेता. ताई, तुमच्यावर राग नाही, तुमचं काम मी पाहिलंय, उत्तम आहे. पण बाबा कोयत्याचे चारशे घेतात आणि त्यातही लोक पन्नास कमी करून मागतात.

आता टीव्हीचं. काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमाराला एक चॅनलवाले आमच्याकडे आले होते. बाबांना शर्ट काढायला लावला. बाबा कधीच उघड्याने काम करत नाहीत, ठिणगी लागते. मग म्हणाले भट्टीवर पाणी मारा, वाफ छान दिसते. कोळसे भिजले, अर्धा दिवस गेला. आणि कोपऱ्यात धार लावायला आलेल्या कोयत्यांची रास होती, काजूचा हंगाम संपल्यापासून साचलेली. ती 'फ्रेममध्ये खराब दिसते' म्हणून पोरांकडून बाजूला सारायला लावली. दोन मिनिटांची बातमी आली. वर मथळा काय? 'लुप्त होत चाललेली कला'.

ज्या कामामुळे आमचं घर चालतं तेच कॅमेऱ्यासमोरून हलवलं आणि मग कला लुप्त झाली म्हणून गळा काढला.

त्यानंतर फोन आले, नाही असं नाही. सगळे तलवारीसाठी, नाहीतर 'जुनी अँटिक काही आहे का' म्हणून. कोयत्याची एकही मागणी त्या बातमीतून आली नाही.

मी बाबांना तो अमेरिकन कार्यक्रम दाखवला. आवडला त्यांना, विशेषतः पॉवर हॅमर (यंत्राचा घण). तास दीड तास बघितल्यावर एकच विचारलं, "ह्या सुऱ्यांची धार गेली की माणसं परत कोणाकडे जातात?"

खडपाबांध

वाळपईकर, वाचून गप्प झाले. सहा हजार आणि चारशे यातला फरक मीही नेहमी मनात मोजते. माझ्या सुरीत घासकाम आणि पॉलिशचे तास जास्त आहेत, पण पंधरापट नक्कीच नाहीत. उरलेला फरक ज्या गिऱ्हाइकाकडे मी पोचते आणि बाबा पोचत नाहीत, त्याचा आहे.

कॅमेरामागचा

मी फ्रीलान्स कॅमेरा करतो, पणजीत राहतो, त्यामुळे शत्रुपक्षाकडून दोन शब्द.

वाळपईकरांकडे जे झालं ते चूकच. पण ते का होतं तेही ऐका. बातमीवाल्या टीमकडे तुमच्या अंगणात फार तर तीन तास असतात, त्यात जेवण धरा. संपादनाच्या टेबलावर ठिणगी, घाम, वाफ, आवाज एवढंच टिकतं. माणूस चार तास दगडावर पातं घासतोय, याचं चित्र आम्ही घेतो आणि ते चार सेकंद उरतं. अमेरिकन कार्यक्रमाने घड्याळ लावलं ते याचसाठी. लोहारकामात स्वतःचं नाट्य कमी म्हणून नव्हे हो, ते नाट्य सावकाश घडतं म्हणून.

मयेकर, तुम्ही नाही म्हणालात तर ते दुसऱ्या कोणाकडे जातील आणि तो तलवार करेल. त्यापेक्षा आधी अटी घाला. आत्ता, फोनवर नको, ईमेलवर. माणसाचं नाव आणि गाव पडद्यावर पट्टीत यायला हवं, 'एक कारागीर' असं नको. खोटं काही करायला सांगायचं नाही. आणि धार लावण्याचा एक पूर्ण प्रसंग, कागद कापून किंवा टोमॅटो कापून दाखवण्यापर्यंत. टोमॅटो घ्या, कागदापेक्षा कॅमेऱ्यात चांगला दिसतो. दिग्दर्शक नवखी असेल तर ऐकेल, तिलाही दुसऱ्यांपेक्षा वेगळं काही हवंच असतं.

वाळपईकर, तुमच्या बाबांचा तो प्रश्न कॅमेऱ्यासमोर विचारला तर मी फुकट शूट करेन.

आल्तिनो_वकील

ईमेलवर अटी, हे उत्तम. संमतीपत्रावर सही करण्याआधी मला पाठवा, बघून देईन. फी म्हणून एक आडोळी.

टोरांटोतला_फोंडेकर

वाळपईकर, 'आतली खोली'वाला टोला बसला. मान्य. एक विचारू? बाबा पाट्याचंच पोलाद वापरतात का?

वाळपईकर

हो, ट्रकच्या कमानीचा पाटा. आमच्याकडे त्याची कधी ददात नव्हती. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, मग २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ खाणींच्या लीझ रद्द केल्या. ट्रक अंगणाअंगणांत गंजत उभे राहिले आणि एकेक करत भंगारात गेले. किती घरांची वाट लागली ते वेगळं लिहावं लागेल. बाबांनी तेव्हा पाटे घेऊन ठेवले ते अजून पुरताहेत. ग्रेड विचारू नका, बाबा ठिणगी बघून आणि एक तुकडा पाणी देऊन मोडून बघतात. आतला कण बारीक दिसला की ठेवायचा, जाड रवाळ दिसलं की ताव जास्त झाला किंवा पाटा कामाचा नाही.

मये_तळ्याकाठी

हे मोडून बघणं कुठल्याही कार्यक्रमात मी पाहिलं नाही, आणि खरं तर नवशिक्याला पहिल्या दिवशी शिकवायची गोष्ट हीच आहे. पाणी देण्याआधी पातं तापवताना चुंबक चिकटणं थांबलं (साधारण ७७० अंश) की थोडं वर न्यायचं हे सगळे सांगतात, पण 'थोडं' म्हणजे किती ते मोडल्याशिवाय कळत नाही.

वाळपईकर, एक सुचवू? २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली, त्यात लोहार आहेत, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि स्वस्त कर्ज आहे. बाबांची नोंद केलीत का? पट्ट्याचा छोटा ग्राइंडर त्यात बऱ्यापैकी भागतो.

वाळपईकर

नोंद झाली आहे. ग्राइंडर बाबांना नको, त्यांना भात्याला नवा ब्लोअर हवाय.

मये_तळ्याकाठी

ताजी खबर. काल त्या मुलीला ईमेल केलं: तलवार नाही, नाव-गाव पट्टीत हवं, धार लावण्याचा पूर्ण प्रसंग, आणि अर्धा भाग सत्तरीच्या लोहारसाळेत. उत्तर आलंय. तलवारीचं मान्य, थोडी हिरमुसली असावी. नावाचं मान्य. लोहारसाळेचं ऐकून तर खूश, "खूप ऑथेंटिक" म्हणाली, हे ऐकून मला थोडी धडकीच भरली. धार लावण्याबद्दल लिहिलंय, "मोंटाजमध्ये घेऊ, वर संगीत टाकून." म्हणजे छोटे छोटे तुकडे झपाट्याने जोडून.

मोंटाजवर मी अडून बसलोय. कॅमेरामागचे, यात काही तोड आहे का?

कॅमेरामागचा

संगीत नको, घासण्याचा खरा आवाज ठेवा म्हणा. दगडावरचा आवाज धार येत जाते तसा बदलतो, ते साउंडवाल्याला आवडेल. त्याला हाताशी धरा, दिग्दर्शक आपोआप वळेल.

वाळपईकर

बाबांना विचारलं. म्हणाले येऊ दे, पण शर्ट काढणार नाही आणि काजू संपेपर्यंत वेळ नाही. मे महिन्यात या म्हणावं. आणि कोयत्यांची रास होती तिथेच राहील.

कुजनेर_कांपाल

मे मध्ये शूटिंग असेल तर मी पण येतो, टोमॅटो माझे. बाबांकडून एक पातळ सुरी करून घ्यायची आहे, मासळीची. दोन मिलिमीटर सांगितलं तर हसतील का?

वाळपईकर

हसतील. पण करून देतील. नमुना म्हणून तुमची जुनी सुरी घेऊन या, आकडे त्यांना नकोत.

वाचनमात्र_म्हापसा

पहिल्यांदाच लिहिते आहे. चर्चा छान चालली आहे, पण माझं काम साधं आहे. सासूबाईंची आडोळी आहे, धार पार गेली आहे, शुक्रवारच्या बाजारात एकाला दिली तर त्याने मशीनवर धरून पातं निळं केलं. दुरुस्त होईल का? आणि खोबरं किसायचे दाते पण लावून मिळतात का?

मये_तळ्याकाठी

निळं झालं म्हणजे तिथला कडकपणा उतरला, ताई. निळा भाग धारेवरच असेल तर तेवढा घासून मागे न्यावा लागेल, नाहीतर धार टिकणार नाही. पातं अर्धा बोट कमी होईल, पण आडोळी वाचेल. डिचोलीत आणून दिलीत तर मी करतो.

वाळपईकर

दाते कानशीने एकेक करावे लागतात, ते बाबा करतात. पाटासकट आणू नका, पातं सोडवून आणा. पाट जुना असला तर ठोकताना फुटतो.